मऊ रेघेतलं गाव

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा आणि त्यावरून बारीक दातेरी चाक फिरवायचं. दाते टोचतील तिथे लेप उघडा पडतो. पत्रा आम्लात घातला, की तेवढेच ठिपके तांब्यात कोरले जातात. त्यात लालसर शाई भरून ओला कागद दाबला, की लाल खडूनं नुकतीच काढल्यासारखी रेघ उमटते. ज्याँ-शार्ल फ्रांस्वा यांनी १७५० च्या दशकात ही पद्धत रुळवली. लिएजहून पॅरिसला आलेल्या जिल दमार्तो यांनी ती इतकी साधली, की छापा आणि हातचं चित्र शेजारी ठेवलं तर जाणकारही घोटाळावा. त्यांच्या पाचशेहून अधिक छाप्यांतले कितीतरी चित्रकार फ्रांस्वा बूशे यांच्या चित्रांवरून केलेले आहेत.

बूशेंच्या चित्रांतलं गाव या रेघेला फार मानवलं. तिथे मेंढ्यांच्या गळ्यात फिती आहेत, मेंढपाळणीचे पाय उघडे, पण चिखलाचा ठिपका नाही. सूत कातणं, धारा काढणं, धुणं, यांतलं काही तिच्या वाट्याला आलेलंच दिसत नाही. १७४८ च्या ‘सुखद धडा’ या बूशेंच्या चित्रात तरुण तिला बासरी शिकवतो. बासरी तिच्या ओठांवर, पण धरलेली त्यानं. रेने गेयार यांनी ते तांब्यावर कोरलं, आणि शिकवणारा तो, शिकणारी ती, ही जोडी पॅरिसच्या भिंतींवर टांगली गेली. मला हे चित्र सुंदर वाटतं, म्हणूनच ते अधिक खुपतं.

कारण खऱ्या गावात चारातलं साधारण एक मूल वर्षाचं होण्याआधी दगावत होतं. १७७५ च्या वसंतात धान्य महागलं तेव्हा पॅरिसभोवतीच्या बाजारांत दंगे पेटले, आणि धान्य वाजवी भावानं द्या म्हणून पुढे सरसावलेल्या जमावात बायका मोठ्या संख्येनं होत्या. दमार्तोंचं छाप्यांचं दुकान तेव्हा चालूच होतं.

चित्रकार ग्रझ यांनी १७६१ मध्ये मांडलेलं ‘गावची वाग्दत्त वधू’ हे चित्र मात्र वेगळं बोलतं. फ्लिपार यांनी १७७० मध्ये त्याचा छापा केला. भावुकता यातही भरपूर आहे. पण इथे कागदपत्र करणारा नोटरी टेबलाशी बसला आहे. हुंड्याची थैली बापाकडून जावयाच्या हाती गेली आहे. आई आणि बहीण मुलीला बिलगल्या आहेत, आणि मुलगी नजर खाली वळवून उभी आहे.