रुपया पडला, फायदा कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीकडे बडोद्याला गेले होते. ती अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, विषय आंतरराष्ट्रीय व्यापार. एका संध्याकाळी तिने जुन्या शहरातली मांडवी दाखवली. चार दरवाजांकडून येणारे रस्ते इथे एकत्र मिळतात. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा, असाही अर्थ तिने सांगितला. व्यापाराचा विषय निघालाच होता, म्हणून मी घरचा प्रश्न विचारला.

माझे पप्पा वसईला निर्यातीचा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. रुपया पडला की तिथे मालक खूश. घरी मात्र मम्मी गॅसचा हिशेब करत बसते. मग रुपया पडणं चांगलं की वाईट?

ती म्हणाली, "बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या एका माणसाने याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिलंय."

तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी प्राचीन भारताच्या व्यापारावरही प्रबंध लिहिला. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, पण जातीमुळे शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना परतावं लागलं. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अभ्यास पूर्ण केला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला.

त्यातला एक मुद्दा सोपा करून सांगते. तेव्हा आपला रुपया चांदीचा आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० नंतर चांदी स्वस्त होत गेली, तसा रुपयाही पडला. एका पौंडात जास्त रुपये मिळू लागले, त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला आपला माल स्वस्त पडू लागला. निर्यात वाढते, म्हणजे देशाचा फायदा, असं अनेकजण म्हणत.

आंबेडकरांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? रुपया पडला की देशात भाव चढतात, पण मजुरी तितक्या वेगाने चढत नाही. मधल्या काळात जो फरक राहतो, तो व्यापाऱ्याच्या खिशात जातो. म्हणजे हा पैसा परदेशातून आलेला नसतो, तो मजुराच्या ताटातून गेलेला असतो. म्हणूनच परदेशातल्या दरापेक्षा रुपयाने देशात काय विकत घेता येतं, ते स्थिर राहणं त्यांना महत्त्वाचं वाटलं. १९२५ मध्ये चलनाच्या रॉयल कमिशनपुढेही त्यांनी आपली मतं मांडली.

आता हेच आजच्या हिशेबात बघा. समजा, शंभर डॉलरचा माल गेला. डॉलर ८० रुपयांचा होता तेव्हा आठ हजार मिळत, ९० चा झाला की नऊ हजार. पप्पांचा पगार तेवढाच. तेल आणि गॅस मात्र आपण बाहेरून डॉलर देऊन आणतो, ते महागतात. अर्थात, निर्यात वाढून कारखान्यात नवी माणसं लागली किंवा पगार वाढला, तर कामगारालाही वाटा मिळतो. प्रश्न एवढाच, तो खरंच मिळाला का?

जागतिक व्यापाराचा वरचा अभ्यास म्हणजे आलेख आणि सूत्रं, अशी माझी समजूत होती. ती लागतातच. पण 'देशाचा फायदा' या दोन शब्दांत देश म्हणजे नेमकं कोण, हे विचारणं आपल्यासारख्या साहित्यवाल्यांनाही जमण्यासारखं आहे.

त्या रात्री पप्पांना फोन केला. म्हटलं, पगार शेवटचा कधी वाढला?

ते हसले. "का गं, कॉलेजात विषय बदललास काय?"