आधी जागा, मग चित्र

रायगडच्या किनाऱ्यावरचं पर्यटन फोटोंवर उभं आहे. किहीम, नागाव, आक्षी, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या घरगुती निवासांच्या वेबपानांवर मजकूर बहुधा मोजका असतो आणि फोटो भरपूर. खोल्या, नारळी-पोफळीची वाडी, माशांचं ताट, समोरचा समुद्र, जवळचा किल्ला. हे फोटो चौकटींच्या जाळीत, म्हणजे ग्रिडमध्ये मांडतात. ती जाळी कॉम्प्युटरवर तीन-चार स्तंभांची, टॅबवर दोन आणि मोबाइलवर एका स्तंभाची व्हावी, अशी अपेक्षा असते. 2010 पासून गेल्या पंधरा वर्षांत या जाळीचं काय काय बिघडलं आणि ते कसं सुधारत गेलं, याचा मागोवा घेताना मला एकच मुद्दा मांडायचा आहे. साधनं उशिरा आली हे खरं. पण साधनं हातात आल्यावरही बिघाड टिकून राहिले, कारण दोन वेगळे निर्णय आपण एकात कालवले. फोटोंच्या मधलं अंतर ठरवणं हे जाळीचं काम. स्वतःची रुंदी-उंची आणि स्वतःतला महत्त्वाचा भाग सांगणं हे फोटोचं काम. ज्या पानावर हे काम ज्याचं त्याच्याकडे राहिलं, ते पान कुठल्याही पडद्यावर नीट दिसलं.

थोडं मागं जायला हवं. वेबपानात चित्र घालण्यासाठीचा ‘आयएमजी’ टॅग मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी 1993 मध्ये सुचवला. पुढे त्या टॅगमध्येच चित्राची रुंदी आणि उंची लिहिण्याची सोय झाली आणि जानेवारी 1997 च्या एचटीएमएल 3.2 मध्ये ती प्रमाणित झाली. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळात या सोयीला फार किंमत होती. चित्र सावकाश उतरायचं, पण त्याची जागा आधीच राखलेली असल्यामुळे खालचा मजकूर हलत नसे. ती पानं ताठर होती, टेबलांच्या चौकटीत कोंबलेली होती, आणि दोन चित्रांमध्ये मोकळी जागा सोडायला एका पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ ताणून बसवली जायची. म्हणजे अंतराचं काम चित्राच्या गळ्यात घालायची सवय तेव्हापासूनची. मात्र मापाच्या बाबतीत ती पानं प्रामाणिक होती. प्रत्येक चित्र आपला आकार सांगून मगच येत होतं.

अंतराचं सगळ्यात चिवट कोडंही त्याच काळातलं. चित्राच्या खाली चार-पाच पिक्सेलची एक फट दिसते आणि मार्जिन (बाहेरचं अंतर), पॅडिंग (आतलं अंतर) सगळं शून्य केलं तरी ती जात नाही. 2002 मध्ये एरिक मायर यांनी एक सविस्तर लेख लिहून ती उलगडून दाखवली. ब्राउझर चित्राला ओळीतल्या एखाद्या अक्षरासारखं वागवतो आणि अक्षरांच्या आधाररेषेवर उभं करतो. लॅटिन लिपीतल्या काही अक्षरांच्या शेपट्या त्या रेषेच्या खाली जातात. त्यांच्यासाठी राखलेली जागा चित्राखाली उघडी पडते, तीच ही फट. मराठी पानांवर ती आणखी डोळ्यांत भरते. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय, म्हणून आपण ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवतो. आणि ओळीची उंची वाढली की फटही वाढते. इलाज एका ओळीचा आहे: चित्राला ‘डिस्प्ले: ब्लॉक’ सांगायचं. पण वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी दुसराच इलाज चालला. बाहेरच्या चौकटीची ‘लाइन-हाइट’ शून्य करायची. फट जाते, पण तीच शून्य उंची फोटोखालच्या ओळीलाही लागू होते आणि ‘श्रीवर्धनचा समुद्रकिनारा’ ही दोन ओळींत मोडणारी ओळ स्वतःवरच चढून बसते.

25 मे 2010 रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात ईथन मार्कॉट यांचा ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख आला आणि वेबपानांची दिशाच बदलली. टक्केवारीतली जाळी, पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे नियम, आणि चित्रांसाठी ‘मॅक्स-विड्थ: 100 टक्के’. चित्र चौकटीबाहेर जाणार नाही, लहान पडद्यावर लहान होईल. हे पाऊल अगदी योग्य होतं, पण त्याची किंमत मोजावी लागली. टॅगमध्ये लिहिलेली उंची कायम राहिली आणि रुंदी आकसली की फोटो उभा ताणला जाई. त्यावर ‘हाइट: ऑटो’ हा उतारा होता, तो लावला की लिहिलेली उंची निरुपयोगी ठरे. मग ती लिहायचीच कशाला, असं म्हणत डेव्हलपरांनी टॅगमधली मापं काढून टाकली. परिणाम हिशेबातच बघा. मोबाइलचा पडदा 360 पिक्सेल रुंद, दोन्ही कडांना 16 पिक्सेल सोडले तर उरले 328. 1200 बाय 800 चा फोटो तिथे साधारण 219 पिक्सेल उंच होणार. पण माप लिहिलेलं नसेल, तर फोटो उतरेपर्यंत ब्राउझर त्याची उंची शून्य धरतो. असे तीन फोटो वर असले, तर खालचा मजकूर एकूण साडेसहाशे पिक्सेल खाली ढकलला जातो, म्हणजे जवळजवळ अख्खा पडदा. मांडव्याच्या जेट्टीवर उतरून खोलीसाठी फोनचं बटण दाबू पाहणाऱ्याचं बोट भलत्याच फोटोवर पडतं ते यामुळे. पंगतीत पान आधी मांडतात आणि माणूस मग बसतो; वेबने ही रीत 1997 मध्ये पत्करली होती आणि 2010 नंतर जवळजवळ दहा वर्षं सोडून दिली होती.

ती परत यायला डिसेंबर 2019 उजाडला. जेन सिमन्स यांनी लावून धरलेली कल्पना फायरफॉक्स 71 आणि क्रोम 79 मध्ये आली: टॅगमधली रुंदी-उंची ही ठाम मापं न मानता गुणोत्तर मानायची. 1200 आणि 800 वाचून ब्राउझर 3 ला 2 इतकं समजतो आणि पडदा कितीही रुंद असो, त्या प्रमाणात जागा राखतो. पुढे 2021 मध्ये ‘ॲस्पेक्ट-रेशो’ हा स्वतंत्र गुणधर्म तिन्ही मोठ्या ब्राउझरांत पोहोचला. त्याआधी हेच साधायला पॅडिंगची टक्केवारी वापरून रिकामी पेटी फुगवावी लागे; 2009 मध्ये व्हिडिओसाठी सुचवलेली ती युक्ती पुढे फोटोंसाठीही सरसकट वापरली गेली. मे 2020 मध्ये गूगलने पान किती हलतं याचं मोजमापच जाहीर केलं आणि 0.1 पर्यंतचा आकडा चांगला ठरवला. या सगळ्यात चित्राला नवं काही शिकवलं गेलं नाही. त्याचं स्वतःचं माप त्याला परत मिळालं, एवढंच.

अंतराची कहाणी याच धर्तीची. चौकटी एका बाजूला सरकवून शेजारी-शेजारी लावणाऱ्या ‘फ्लोट’च्या जमान्यात तीन स्तंभांना प्रत्येकी 33.33 टक्के रुंदी आणि वर 15 पिक्सेल मार्जिन दिलं की बेरीज शंभराच्या पुढे जाई आणि तिसरा फोटो खालच्या रांगेत पडे. मग रांगेतल्या शेवटच्या फोटोचं मार्जिन काढायचं. म्हणजे ‘दर तिसरा’ असा नियम लिहायचा. टॅबवर दोनच स्तंभ झाले की तोच नियम चुकीच्या फोटोवर लागायचा. 2012 च्या सुमारास ‘बॉर्डर-बॉक्स’, म्हणजे पॅडिंग रुंदीतच मोजण्याचा नियम, सर्वत्र लावायची शिफारस पॉल आयरिश यांनी केली, त्याने पॅडिंगचा हिशेब सुटला, मार्जिनचा राहिला. त्यात मराठी मजकुराची भर पडे. ‘मुरुड’ एका ओळीत बसतं. ‘दिवेआगरचं सुवर्णगणेश मंदिर’ अरुंद स्तंभात दोन ओळी घेतं. ते कार्ड उंच होतं, पुढच्या रांगेतला फोटो त्याला अडकतो आणि जाळीत खड्डा पडतो. खड्डा टाळायला कार्डाची उंची पक्की करणं आणि बाहेर गेलेलं कापणं हा तर सर्वांत वाईट इलाज, कारण त्यात शेवटच्या ओळीचे उकार छाटले जातात. मार्च 2017 मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींत महिन्याभराच्या आत सीएसएस ग्रिड आलं आणि अंतर पहिल्यांदा जाळीच्या मालकीचं झालं. ‘गॅप’ एकदा लिहायचा. शेवटचा फोटो कोणता हे कुणी मोजायचं नाही. रांगेची उंची सगळ्यात मोठ्या कार्डावरून ठरते, म्हणून खड्डाही पडत नाही.

ग्रिड आलं तरी तक्रारी राहिल्या, आणि त्या नेमक्या दुसऱ्या निर्णयाच्या होत्या. ‘1एफआर’ म्हणजे समान वाटा असा समज असतो. प्रत्यक्षात आतल्या वस्तूच्या किमान रुंदीखाली तो वाटा जात नाही. बंधन नसलेला 4000 पिक्सेलचा फोटो स्तंभाला ताणतो आणि पान आडवं सरकू लागतं. उपाय ‘मिनमॅक्स(0, 1एफआर)’, आणि सोबत फोटोला ‘मॅक्स-विड्थ’चं बंधन. स्तंभाची किमान रुंदी 320 पिक्सेल लिहिली आणि कडा सोडून मोबाइलवर 288 च उरले, तरीही तेच होतं. तिथे ‘मिन(100 टक्के, 320)’ लिहावं लागतं. फ्लेक्सबॉक्समध्ये रांग नुसती उभी केली तर फोटो रांगेच्या उंचीइतका ताणला जातो, कारण ताणणं ही तिथली मूळ वागणूक आहे. या तीनही ठिकाणी चौकट फोटोचा आकार ठरवू पाहते किंवा फोटो चौकटीचा.

मग आलं ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण रायगडच्या फोटोंचं सर्वांत जास्त नुकसान या सोयीने केलं आहे. चौकट भरेल इतका फोटो मोठा करायचा आणि उरलेलं दोन्ही बाजूंनी कापायचं. जाळी एकदम टापटीप होते. आता अलिबागच्या किनाऱ्यावरून दिसणारा कुलाबा किल्ला घ्या. आकाश आणि पाणी यांच्यामध्ये तटबंदीची एक लांबट, काळपट पट्टी. आणि तिच्या उजव्या हाताला, उत्तरेकडे, सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला. त्या फोटोचा अर्थच आडवा आहे. चौरस चौकटीत मधोमध कापला की तटाचा तुकडा उरतो आणि सर्जेकोट हमखास जातो. मुरुडहून दिसणाऱ्या जंजिऱ्याचंही तेच: बुरुजांची रांग तुटली की तो कुठल्याही तटाचा फोटो होतो. उलट कोर्लईचं दीपगृह आणि वाडीतली पोफळ उभी. आडव्या चौकटीत त्यांचा शेंडा जातो. ‘ऑब्जेक्ट-पोझिशन’ लिहून केंद्र सरकवता येतं आणि रुंद फोटोला जाळीत दोन स्तंभ देता येतात. दोन्ही गोष्टी आज सर्व ब्राउझरांत चालतात. पण त्यासाठी फोटोत काय आहे हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला: आता नेट वेगवान आहे, फोटो क्षणात उतरतात, जागा राखण्याचा बाऊ कशाला? 2016 नंतर स्वस्त डेटामुळे परिस्थिती पालटली हे मान्य. पण डोंगर आणि खाडी यांच्यात अडकलेल्या गावांत, किंवा समुद्रात निघालेल्या बोटीवर, सिग्नल येतो-जातो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वीज आणि मोबाइल सेवा दोन्ही कोलमडली होती. शिवाय वेगवान नेटवरही पान हलतंच, फक्त लवकर हलतं. बोट तोवर टेकलेलं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लहान व्यावसायिक तयार थीम घेतो, हे सगळं थीमने बघावं. बरंचसं बघतेही. वर्डप्रेसने डिसेंबर 2015 च्या 4.4 आवृत्तीत एकाच फोटोच्या अनेक मापांच्या प्रती ब्राउझरपुढे ठेवायला सुरुवात केली, आणि ऑगस्ट 2020 च्या 5.5 मध्ये टॅगमध्ये मापं नसतील तर ती भरायचीही सोय केली. अंतर आणि गुणोत्तर हे यंत्राने सांभाळण्याजोगं काम आहे आणि ते त्याच्याकडेच असावं. पण त्याच वर्डप्रेसची लघुप्रत मुळात 150 बाय 150 चा चौरस असते आणि गॅलरीत फोटो कापून बसवण्याचा पर्याय आधीपासून चालू असतो. कोणत्या फोटोसाठी तो बंद करायचा, हा निर्णय थीम घेऊ शकत नाही. तिसरा आक्षेप सौंदर्याचा: सगळे फोटो एकाच आकाराचे असले की पान नीटस दिसतं. खोल्यांच्या फोटोंना हे लागू आहे, तिथे खुशाल 4 ला 3 ठेवावं. खोली मधोमध कापली तरी खोलीच राहते. किल्ल्याला आणि किनाऱ्याला तोच नियम लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला ज्यासाठी बोलवायचं तेच कापून टाकणं.

काही प्रश्न अजून बाकी आहेत. वेगवेगळ्या उंचीचे फोटो न कापता एकाखाली एक चपखल बसवणारी ‘मेसनरी’ मांडणी 2009 च्या सुमारास डेव्हिड डिसँड्रो यांच्या जावास्क्रिप्टने लोकप्रिय केली. फायरफॉक्सने 2020 मध्ये ती सीएसएसमध्ये प्रयोगादाखल आणली, आणि तिचं अंतिम रूप काय असावं यावर ब्राउझर बनवणाऱ्यांत अनेक वर्षं वाद झाला. कार्डांमधली शीर्षकं एका रेषेत आणणारं ‘सबग्रिड’ मात्र सप्टेंबर 2023 मध्ये क्रोममध्ये पोहोचलं आणि ‘मुरुड’-‘दिवेआगर’चा तिढा सुटला. आता तातडीची गरज वेगळी आहे. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यात थळच्या समोरचा खांदेरी आहे. त्याचे फोटो आता शेकडो पानांच्या जाळ्यांत बसवले जातील. वर्डप्रेसच्या कव्हर ब्लॉकमध्ये फोटोतला महत्त्वाचा बिंदू बोटाने दाखवण्याची सोय आहे. तीच सोय घरगुती निवासांना मिळणाऱ्या प्रत्येक थीमच्या गॅलरीत, फोटो चढवतानाच समोर यायला हवी, आणि तो बिंदू मराठीत विचारला जायला हवा, म्हणजे पान बनवणाऱ्या शहरातल्या माणसाऐवजी तो किनारा रोज पाहणारा माणूस तो दाखवू शकेल.