घरचा प्रश्न आणि जगाची चावडी

दर वर्षी १७ सप्टेंबर रोजी बिदर जिल्ह्यातील हुलसूर येथे ध्वज फडकतो. त्याच दिवशी, त्याच कारणासाठी, राज्याची हद्द ओलांडून पलीकडे निलंगा तालुक्यातही तो फडकतो. अलीकडे या दिवसाला कल्याण-कर्नाटक उत्सव म्हणतात, पलीकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. घरात मराठी, बाजारात कानडी आणि आजोबांच्या जमिनीच्या कागदांत उर्दू अशी वहिवाट असलेल्या या मुलखातील माणसाला एका दिवसाला दोन नावे असल्याचे नवल वाटत नाही. १९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. भालकी व हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात आले. जहिराबाद व नारायणखेड आंध्राच्या वाट्यास गेले. ती वाटणी न्याय्य होती काय, हा वाद निराळा आहे आणि आज आम्ही त्यात शिरत नाही.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकास हुलसूर हे नाव कदाचित प्रथमच ऐकू येत असेल. परंतु त्या गावाचा आणि गोव्याचा एक संबंध आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. काश्मीरचा प्रश्न भारताने आपण होऊन सुरक्षा समितीपुढे नेला. हैदराबाद आणि गोवा या दोन प्रकरणी मात्र भारतास तेथे फिर्यादी म्हणून नव्हे, तर प्रतिवादी म्हणून उभे राहावे लागले. पहिल्या खेपेस स्वातंत्र्य मिळून जेमतेम तेरा महिने झाले होते. दुसऱ्या खेपेस चौदा वर्षे लोटली होती. या दोन तारखांच्या दरम्यान एका पूर्वीच्या गुलाम देशाने राष्ट्रांच्या पंगतीत आपले पान कसे मांडून घेतले, ते पाहण्यासारखे आहे. आणि त्या पंगतीचे मोल कोणी चुकते केले, हे त्याहून अधिक पाहण्यासारखे आहे.

पान मांडून घेतले असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण पंगतीत नाव पूर्वीच होते, बसण्याचा मान नव्हता. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने बिकानेरच्या महाराजांची सही आहे. राष्ट्रसंघाचा भारत सदस्य होता. २६ जून १९४५ रोजी सॅनफ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार यांनी स्वाक्षरी केली, तेव्हा भारत मंत्र्याचे कार्यालय लंडनमध्ये व्यवस्थित चालू होते. अशी सही म्हणजे मुनिमाने मालकाच्या हुकमाने केलेली सही.

या सनदेत दुसऱ्या कलमाचा सातवा परिच्छेद आहे. एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारात मुख्यतः मोडणाऱ्या बाबींत संयुक्त राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करू नये, असा त्याचा आशय. आमच्या खेड्यातील भाषेत सांगायचे तर, घरचे भांडण चावडीवर आणू नये. हा परिच्छेद ही मोठी मजबूत कडी आहे. आत कोण आहे यावर ती कडी रक्षण करते की कोंडते, हे ठरते.

भारताने पहिला घाव याच कडीवर घातला. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांवर लादलेल्या वर्णभेदी कायद्यांविरुद्ध १९४६ साली भारताने तक्रार नेली, व्यापारही तोडला. दिल्लीत हंगामी सरकार आले होते, स्वातंत्र्य अद्याप यायचे होते. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. समोर जनरल स्मट्स. सनदेच्या प्रास्ताविकाचा मसुदा ज्यांच्या लेखणीतून उतरला, तेच हे गृहस्थ. त्यांचे उत्तर एकच होते : हा आमचा घरचा प्रश्न आहे. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ते उत्तर अमान्य केले. ठरावाच्या बाजूने ३२ मते, विरोधात १५, तटस्थ ७. माणसाच्या कातड्याच्या रंगावरून त्याला छळणे ही कोणाच्याही घरची बाब राहत नाही, हे जगाच्या चावडीवर मान्य करून घेणारा देश स्वतः तेव्हा पारतंत्र्यात होता. भारताच्या परराष्ट्रनीतीचा याहून उजळ दिवस आम्हास आठवत नाही.

दोन वर्षांच्या आत तीच कडी भारताच्या हाती आली.

निजामाचे राज्य सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला, पण विलीनीकरणास निजाम राजी होईना. राज्यात रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. हुलसुराच्याच परिसरातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या कत्तलीत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, असे तेथील लोक सांगतात. अशा स्थितीत २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार धाडली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हद्दीत शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि नळदुर्ग घेऊन राजेश्वर, हुमनाबाद या मार्गाने बिदरकडे सरकली. हुलसूर या हमरस्त्यापासून फार दूर नाही. १६ तारखेस पॅरिस येथे समितीची बैठक भरली. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यास आठ सदस्य अनुकूल, तीन तटस्थ, विरोधात एकही नाही. भारताच्या वतीने बोलण्यास उभे राहिले ते रामस्वामी मुदलियार; तीन वर्षांपूर्वी मुनिमाची सही करणारे तेच मुदलियार. या खेपेस मालक निराळा होता. हैदराबाद हे राष्ट्र नव्हे, कधीच नव्हते, तेव्हा त्यास येथे दाद मागण्याचा अधिकार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. दुसऱ्या दिवशी निजामाने शस्त्र खाली ठेवले आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतल्याची तार केली. मे १९४९ मध्ये शेवटची चर्चा होऊन प्रकरण थंडावले. ठराव कोणताच झाला नाही. विषय मात्र पुढे कित्येक दशके समितीच्या सूचीत तसाच पडून राहिला. कज्जा मिटला तरी दप्तरातून नाव जात नाही, हे आपल्याकडील कचेऱ्यांतच घडते असे नाही.

मुदलियारांचा युक्तिवाद बरोबर होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. तक्रार करणारा संस्थानिक होता, प्रजा नव्हती. प्रजेचे पुढारी गजाआड होते. ज्या राज्यात बहुसंख्य लोकांना आपले राज्य कोणते असावे हे बोलण्याची सोय नाही, त्या राज्याचे सार्वभौमत्व म्हणजे सिंहासनाचे सार्वभौमत्व. इंग्रजांनी कागदावर निर्माण केलेले असले सार्वभौमत्व इंग्रज गेल्यावर टिकू शकत नव्हते.

हाच विचार पुढे गोव्याच्या कामी आला, आणि अधिक पक्का होऊन आला. सालाझारांनी १९५१ साली घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव दिले. वसाहतच नाही म्हटल्यावर कसली मुक्ती? पुन्हा तीच कडी : घरचा प्रश्न. दादरा व नगर हवेली १९५४ साली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात धाव घेतली. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती व मालाच्या येण्याजाण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, फौज नेण्याचा मात्र नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला आमसभेने वसाहतवाद नष्ट करण्याची घोषणा संमत केली. ८९ मते बाजूने, विरोधात शून्य, ९ तटस्थ. तटस्थांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि अर्थातच पोर्तुगाल. दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात पोर्तुगालच्या अस्वशासित प्रदेशांची यादी आली आणि तीत गोव्याचे नाव होते. घर कोणाचे, हे जगाने लिहून दिले. मग डिसेंबर १९६१ मध्ये सुरक्षा समितीत पाश्चात्त्यांनी भारताविरुद्ध ठराव आणला, तेव्हा सात मते पडूनही तो बारगळला. रशियाचा नकाराधिकार सर्वांना आठवतो. त्याच्या जोडीने सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या तीन देशांनीही विरोधात मत दिले, ते आम्हास अधिक मोलाचे वाटते. रशियाचे मत मित्राचे होते. या तिघांचे मत भाऊबंदांचे होते. १९४८ साली पॅरिसमध्ये भारतापाशी युक्तिवाद होता, भाऊबंद नव्हते. तेरा वर्षांत झालेली कमाई ती हीच.

येथवरची कथा अभिमानाची आहे आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत ती कमीअधिक येते. जी येत नाही, तिच्यासाठी पुन्हा हुलसुराकडे वळावे लागते.

फौजा पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या गावांत सूड सुरू झाला. रझाकारांनी केले होते त्याचे उट्टे, रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्या विणकर, शेतमजूर, दुकानदार मुसलमानांवर काढले गेले. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ नोव्हेंबरच्या अखेरीस हैदराबाद राज्यात आले आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हिंडले. काझी अब्दुल गफार हे त्यातील एक सदस्य. त्यांच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक अनर्थ झाल्याचे नमूद आहे. साऱ्या राज्यातील बळींचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. शेजाऱ्यांचे प्राण वाचविणाऱ्या हिंदूंच्या हकिगतीही त्यात आहेत, आणि रझाकारांच्या पूर्वीच्या अत्याचारांची नोंदही आहे. आकड्याविषयी मतभेद होतील, झालेही आहेत. पण मतभेद होण्यास अहवाल वाचावयास तर मिळाला पाहिजे! तो सरकारी कपाटात गेला आणि साधारण जिज्ञासूस दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहावयास मिळाला तो २०१३ साली. पासष्ट वर्षांनी.

येथे तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. सुंदरलाल या जिल्ह्यांतून फिरत होते, त्याच दिवसांत, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द बदलून 'सर्व माणसे' असे करवून घेणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या. हा शब्द जगाला आपण दिला. बिदरच्या खेड्यांतील माणसे त्या शब्दात मोडत होती की नाही, हा प्रश्न मात्र त्याच महिन्यात कपाटात बंद झाला. स्मट्सच्या तोंडी आपण जे उत्तर नाकारले, तेच आपण स्वतःला दिले.

त्या काळी उघड करणे परवडले नसते, असे म्हणणारे आहेत. सूचीवर हैदराबादचा विषय उभा, पाकिस्तान टपलेला, काश्मीरचे युद्ध चालू. अशा वेळी हा अहवाल शत्रूच्या हाती देणे शहाणपणाचे नव्हते, हे आम्ही मान्य करतो. १९४८ साली मान्य करतो, १९४९ सालीही करतो. पण १९६१ नंतर? १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालनेदेखील तह करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यानंतर भारताच्या घरावर कोणाची तक्रार उरली होती? पंगतीतील पान पक्के झाल्यावरही दार लावून बसण्याची सवय तेवढी राहिली. आज सुरक्षा समितीत कायमची जागा मागताना आपण लोकसंख्या, अर्थव्यवस्था, शांतिसेनेतील कामगिरी असे अनेक दाखले देतो. ते खरेच आहेत. १९४६ चा दाखला त्यांत क्वचितच असतो.

गोरटा येथे हुतात्म्यांचे स्मारक मार्च २०२३ मध्ये उभे राहिले. ते उभे राहिले हे योग्यच झाले. तेथे मेलेल्यांची आठवण पंचाहत्तर वर्षे उघड्यावर होती. सप्टेंबरनंतर मेलेल्यांचे स्मारक आम्ही मागत नाही. स्मारकांवर आजकाल कोण कशासाठी चढते, हे आम्हास ठाऊक आहे. आमची मागणी साधी आहे. कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण या तिन्ही सरकारांनी सुंदरलाल अहवाल मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू भाषांत छापावा, त्यास रझाकारकालीन अत्याचारांची मिळतील ती सरकारी कागदपत्रे जोडावीत, आणि त्या जुन्या चार जिल्ह्यांतील प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात त्याची प्रत ठेवावी. हुलसूर आता स्वतंत्र तालुका झाला आहे. १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करून परतणाऱ्या तेथील शाळामास्तरास मुलांनी विचारले की गावातली ती पडकी मशीद कोणाची, तर त्याच्या हाती निदान वाचून दाखविण्याजोगे काही असावे.