दूध का नासले? पाच वेळा विचारा



संकलन केंद्रावरून दूध परत आले की घरात पहिला बोल कुणाला लागतो? धार काढणाऱ्या सुनेला, नाही तर म्हशीला. दोष कुठे शिरला, हे मात्र कुणी शोधत नाही. कारखान्यांनी या शोधाच्या रीती बसवल्या आहेत. त्यांतली आपल्या गोठ्याला कोणती उपयोगी, ते पाहू.

अमेरिकेच्या मोटोरोला कंपनीने १९८६ मध्ये ‘सिक्स सिग्मा’ ही पद्धत काढली. दहा लाखांत ३.४ पेक्षा जास्त चुका नकोत, असा तिचा हिशेब. हजारो पिशव्या भरणाऱ्या डेअरीला ती शोभते. दोन म्हशींच्या घरी एवढे आकडे आणायचे कुठून?

दुसरी ‘हॅसेप’. १९६० नंतरच्या दशकात ‘नासा’साठी पिल्सबरी कंपनीने अंतराळवीरांचे अन्न तयार केले, त्यातून ती आली. तयार अन्नच तपासत बसले तर खायला उरेना! म्हणून धोका शिरतो त्या जागीच पहारा ठेवायचा. आपल्याकडे त्या जागा म्हणजे सड, हात, भांडी आणि धार काढल्यापासून दूध थंड होईपर्यंतचा वेळ.

तिसरी रीत जपानच्या टोयोटाची. साकिची टोयोडा यांच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे. दोष दिसताच थांबायचे आणि ‘का?’ असे पाच वेळा विचारायचे. मला हीच जवळची वाटते, कारण तिला पैसा लागत नाही.

एका घरी उन्हाळ्यात संध्याकाळचे दूध तिसऱ्यांदा परत आले. आधीच्या दोन भेटींत मी चाऱ्याला दोष देऊन मोकळा झालो होतो. या वेळी ओट्यावर बसून विचारले, “वहिनी, सकाळचे दूध का टिकते?”

“त्याची किटली वेगळी आहे, साहेब.”

संध्याकाळची किटली मागवली. झाकणाचे रबर काढले, तर खाली पिवळट, आंबूस थर! रबर का धुतले नाही? ते निघते, हेच किटली धुणाऱ्या पोराला कुणी सांगितले नव्हते.

किटली रिकामी होऊन आली की लगेच साध्या पाण्याने खळबळा. आधी कढत पाणी ओतू नका, दूध भांड्याला धरून बसते. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने विसळा आणि उन्हात पालथी घाला. रबर वेगळे धुऊन सावलीत वाळवा.

त्या घरी आता रबर खुंटीला टांगलेले असते. किटली भरताना पोरगा आधी खुंटीकडे बघतो.