राखेतलं बियाणं

हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा नदी पुढे धरणात अडते आणि तिच्या कालव्यांवर सोनईच्या पट्ट्यात ऊस उभा राहतो. उगमाकडच्या अकोले तालुक्यात मात्र डोंगरउतारावरची शेती पावसावर चालते. तिथल्या आदिवासी कुटुंबाला दरवर्षी संकरित बियाणं विकत घेणं जड जातं, कारण त्या पिकातून राखलेलं बी पुढच्या हंगामात तसंच उतरत नाही.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपायला घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंच्या कामाला बाएफ या संस्थेची जोड मिळाली. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला उभी केलेली ही संस्था ग्रामीण संशोधनात मुरलेली आहे. या जोडीतून घरातच बियाणे बँक उभी राहिली. वाल, भात, नागली यांचं निवडक बी उन्हात खडखडीत वाळवून, राख चोळून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं, ही जुनी रीत. कोरड्या राखेनं किडीला आळा बसतो. वाण ओळखणं, त्याचे गुण नोंदवणं, शुद्ध बी वाढवणं ही संशोधनाची बाजू. पण कोणतं कणीस राखायचं हे बाईंच्याच नजरेला कळतं, आणि खरी मोलाची गोष्ट तीच.

राहीबाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बँकेतून नेलेलं बी शेतकरी सुगीनंतर दुपटीनं परत करतो.