कॅमेऱ्यावाचून चित्रपट

पावसाळ्याच्या तोंडाशी दिव्याभोवती पाखरांची कशी झुंबड उडते, हे आपल्याला काही सांगायला नको. सकाळी उठून पाहावे तो ओसरीवर पंखांचा सडा. आपण तो केरसुणीने लोटून टाकतो. अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या स्टॅन ब्रॅकेज या गृहस्थांनी मात्र तो वेचून ठेवला. दिव्यावर मेलेल्या पतंगांचे पंख, फुलांच्या पाकळ्या, गवताची पाती, असा ऐवज त्यांनी दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवला. पट्टी सिनेमाच्या फितीएवढी, सोळा मिलिमीटर रुंद, कडेला भोके असलेली. तिच्यावरून फीत छापून घेतली, प्रोजेक्टरमधून सोडली, की झाला चित्रपट! साल १९६३, नाव ‘मॉथलाइट’, लांबी जेमतेम चार मिनिटे. कॅमेरा नाही, नट नाही, आवाजदेखील नाही. हातात पैसा नव्हता, त्या ओढगस्तीत ही युक्ती सुचली.

हे साधते कसे? सिनेमाच्या फितीवर लहान लहान स्थिर चित्रे असतात. सेकंदाला अशी चोवीस चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि आपल्याला ती हलल्यासारखी वाटतात. गुरुजींनी हे वर्गात करून दाखवायला हरकत नाही. जुन्या वहीच्या पानांच्या कोपऱ्यावर एक ठिपका काढा, पुढच्या पानावर तो थोडा वर सरकवा, असे तीस-चाळीस पाने करा आणि अंगठ्याने पाने भराभर सोडा. ठिपका उडतो की नाही पाहा! आता ती चित्रे कॅमेऱ्यानेच उमटली पाहिजेत, असे प्रोजेक्टर थोडेच म्हणतो? त्याच्या दिव्यापुढून जे जाईल ते तो पडद्यावर मोठे करून टाकतो. ब्रॅकेज यांच्या पट्टीत तर एकेक पंख कित्येक चौकटींवर पसरलेला. म्हणून पडद्यावर तो फडफडतो, तुटतो, पुन्हा उमटतो.

पण असा चित्रपट दाखवायचा कोठे? जत्रेतल्या तंबूत लावला तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. यासाठी निराळे मेळे भरतात. बेल्जियममध्ये समुद्रकाठच्या क्नोक्के गावी १९४९ साली असा मेळा भरला. तो पुढे बराच गाजला. आपल्याकडे शाई हेरेडिया यांनी २००३ साली मुंबईत ‘एक्सपेरिमेंटा’ हा महोत्सव सुरू केला. पुढे तो बंगळूरला गेला. असे मेळे पुष्कळदा शनिवार-रविवारी उरकतात. तीन मिनिटांचे, दहा मिनिटांचे चित्रपट एकामागून एक दाखवतात. करणारा तिथेच बसलेला असतो, त्याला विचारायची मुभा असते. आणि पहिला प्रश्न ठरलेला, “याचा अर्थ काय?”

मीही हाच प्रश्न विचारणाऱ्यांतला. पण दारापुढची रांगोळी पाहताना आपण तिला गोष्ट विचारत नाही. भजनात पखवाज रंगात आला की मान डोलते, ती काही अर्थ लागला म्हणून नव्हे. डोळ्यांनाही तशीच लय कळते. अर्थात या मेळ्यांत रटाळ चित्रपट नसतात असे नाही, चांगले पुष्कळ असतात!

लेन लाय हे मूळचे न्यूझीलंडचे. इंग्लंडात टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी त्यांनी १९३५ साली ‘अ कलर बॉक्स’ केला. फितीवरच कुंचल्याने रंग भरले, रेघा ओढल्या, आणि नाचाच्या संगीतावर त्या थिरकवल्या. शेवटी अक्षरे उमटतात ती पार्सलाच्या स्वस्त दरांची! सरकारी जाहिरातीच्या पैशात त्या माणसाने आपला प्रयोग करून घेतला.

रेडिओ ऐकणाऱ्यांना नॉर्मन मॅक्लॅरेन यांचे कसब अधिक भावेल. हे स्कॉटलंडचे, पुढे कॅनडात स्थायिक झाले. बोलपटाच्या फितीच्या कडेला आवाजाची एक पट्टी असते. तिच्यातून प्रकाश जातो, कमीजास्त होतो, आणि त्याचाच यंत्रात आवाज बनतो. मॅक्लॅरेन म्हणाले, मग ती पट्टी आपणच का काढू नये? त्यांनी दौत-लेखणी घेऊन तिच्यावर रेघा मारल्या. रेघा दाट मारल्या की सूर चढा, विरळ मारल्या की खालचा. ‘डॉट्स’ या १९४० सालच्या चित्रपटात चित्र आणि आवाज दोन्ही असे हाताने काढलेले आहेत. कधी न वाजलेले वाद्य लेखणीतून वाजले, म्हणा ना! हेच मॅक्लॅरेन १९४९ मध्ये युनेस्कोतर्फे चीनच्या खेड्यांत गेले, आरोग्यशिक्षणाची साधी चित्रे तिथल्या कलावंतांकडून करून घ्यायला.

आता मुंबईकडे येऊ. चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ च्या सुमारास जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. त्या पैशातून त्यांनी चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपट करणारे अशा मंडळींसाठी एक कार्यशाळा उघडली. तिथे १९७० मध्ये त्यांचा ‘सिझिजी’ झाला. त्यात आवाज नाही, नुसत्या रेषा एकमेकींना मिळतात, दुरावतात. त्यांनी आपल्याच एका तैलचित्रावरून सहा मिनिटांचा आणखी एक चित्रपट केला, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. त्याची प्रत एकच. ती दिल्लीच्या एका कलाप्रदर्शनासाठी पाठवली आणि वाटेत हरवली.

बाजारातल्या सिनेमाच्या प्रती गावोगाव फिरतात. एक गेली तर दुसरी सापडते. हाताने केलेल्या फितीला तो आधार नसतो. मेळ्यात दहा माणसांनी पाहिली, दोघांनी तिच्याविषयी लिहिले, एखाद्याने जपून ठेवली, तरच ती राहते. पदमसींच्या या चित्रपटाबद्दल दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी त्यांना बोलते केले आणि आठवणींच्या आधारे तो नव्याने उभा करण्याचा यत्न केला. त्याच नावाचा हा नवा चित्रपट २०१६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. पदमसी तेव्हा ८८ वर्षांचे होते. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी पडद्यावर कोणता रंग कोणत्या रंगावर कसा चढला होता, ते त्यांना आठवून सांगावे लागले.