पायरीला ‘पायरी’च म्हणावे

बुऱ्हाणपुरास तापीकाठी राजघाटावर एके सायंकाळी बसलो असता, संगणकाचे पहिले धडे गिरविणाऱ्या नातवाने आपली वही माझ्यापुढे केली. “आजोबा, घाटाच्या दहा पायऱ्या आणि प्रत्येकीवर पाच पणत्या, एवढाच हिशेब, पण घरी यंत्र थांबतच नाही!” चेहरा रडवेला झाला होता.

वही पाहताच दोष ध्यानी आला. ‘सी’ भाषेत त्याने दोन आवर्तने, म्हणजे लूप, लिहिली होती. बाहेरचे पायऱ्यांचे, आतले पणत्यांचे. मात्र दोन्हींच्या मोजणीस नाव एकच : ‘आय’. पाच पणत्या मांडून होताच ‘आय’ सहा होई, बाहेरचे आवर्तन त्याचे सात करी, आणि आत शिरताच पुन्हा एक! दहाव्या पायरीपलीकडे जाणार कसे? एकाच नावाचे दोन गडी ठेवल्यावर हाकेला कोणी ओ द्यावी?

हे ‘आय’ आले कोठून? गणितात क्रमदर्शक म्हणून ते अक्षर रूढ होतेच. १९५७ च्या ‘फोरट्रान’ भाषेने ‘आय’ ते ‘एन’ यांनी आरंभ होणारी नावे पूर्णांकांची मानली, आणि प्रघात दृढ झाला. दोन ओळींच्या आवर्तनात तो सोयीचाही आहे. आपल्या भास्कराचार्यांनीही अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन पुढे या, का, नी, पी ही आद्याक्षरेच वापरली. परंतु तेथे प्रत्येक राशीचे नाव निराळे, आणि अक्षर कोणत्या नावाचे हे वाचकास ठाऊक असे. आवर्तनात आवर्तन आले की हाच विवेक हवा.

मी त्यास म्हणालो, “बाळ, पायरीला पायरी म्हण, पणतीला पणती.” रोमन लिपीत ही नावे घालताच घरी यंत्राने पन्नास पणत्या मोजल्या आणि ते मुकाट थांबले.

२००८ साली आलेल्या ‘पायथन ३’ मध्ये तर अशी नावे थेट देवनागरीतही लिहिता येतात. उद्या परभाषी सहकाऱ्यांसमवेत काम करताना सर्वांस कळतील अशीच नावे त्याने द्यावीत, हे उचितच. परंतु वाचकहो, शाळेत हिंदी व इंग्रजी ऐकणाऱ्या आपल्या मुलांना शिकण्याच्या वयात विचार उलगडण्यासाठी घरचा शब्द हाती असावा. त्या रात्री नातवाने वहीतला ‘आय’ खोडून स्वच्छ अक्षरात ‘पायरी’ लिहिले, तेव्हा मला धन्य वाटले.